सदाशिव पेठेतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर विकायचं आहे असं सांगितल्यापासून रोज दोन-तीन फोन येतात. प्रश्न तेच असतात, आणि फोनवर घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून आई आणि मी बसून सगळे प्रश्न एकत्र केले. घराच्या उण्या बाजूही यात आहेत. त्या वाचून ज्यांना पटणार नाही त्यांचा जिना चढायचा त्रास वाचेल.

घर नेमकं कुठं आहे?

पुण्यात, सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिर आणि खजिना विहीर यांच्या मधल्या एका गल्लीत. टिळक रस्ता चालत पाच-सहा मिनिटांवर, लक्ष्मी रस्ता दहा मिनिटांवर. भारत इतिहास संशोधक मंडळ जवळ आहे. मंडई मेट्रो स्टेशन चालत पंधरा-सतरा मिनिटं. स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून शिवाजीनगर किंवा पिंपरीला जायला आम्ही गाडी काढलेली नाही.

रिक्षावाल्याला पत्ता सांगताना इथं अजून देवळंच उपयोगी पडतात: उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर, चिमण्या गणपती, भिकारदास मारुती. नवीन माणसाला नावं ऐकून नवल वाटतं. महिनाभरात तोही तशीच खूण सांगायला लागतो.

क्षेत्रफळ किती? खोल्या किती?

टू बीएचके, कार्पेट ५९० चौरस फूट. बाहेरची खोली १० बाय १६, स्वयंपाकघर ८ बाय १२, एक झोपायची खोली १० बाय १२ आणि दुसरी १० बाय १०. संडास-बाथरूम वेगळे. पूर्वेला चार फुटी गॅलरी. बिल्टअप, सुपर बिल्टअप हे आकडे आम्ही सांगत नाही, कारण त्यावर कुणाला पलंग टाकता येत नाही. टेप घेऊन या आणि स्वतः मोजा.

इमारत किती जुनी आहे? अजून किती टिकेल?

बांधकाम १९८४ चं. तळमजला अधिक तीन मजले, एकूण नऊ फ्लॅट, आरसीसी. त्याआधी इथं वाडा होता आणि आजोबा त्यात दोन खोल्यांचे भाडेकरू होते. वाडा उतरवला तेव्हा भाडेकरूंना मालकीचे फ्लॅट मिळाले, त्यातला हा एक. पेठांमधल्या कितीतरी इमारतींची गोष्ट हीच आहे.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना तपासणी कायद्यानेच करावी लागते. आमची २०२२ मध्ये झाली. कॉलम आणि बीम चांगले निघाले. जिन्याचा वरचा टप्पा, गच्चीचा कठडा आणि गॅलऱ्यांचा खालचा भाग इथं मात्र काँक्रीट सुटून आतली सळई गंजली होती. पुढच्या वर्षी नऊही घरांनी वर्गणी काढून ती दुरुस्ती केली: सैल काँक्रीट छिन्नीने उडवायचं, सळई तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासायची, गंजरोधक लेप द्यायचा, मग पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरून घ्यायचं. अहवाल, दुरुस्तीचे फोटो आणि अभियंत्याचं प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे.

"अजून चाळीस वर्षं बघायला नको" असं मी कुणालाही सांगणार नाही. तपासणी वेळच्या वेळी करत राहिलात आणि गच्चीतून पाणी मुरू दिलं नाहीत, तर ही इमारत तुम्हाला चांगली साथ देईल, इतकं खात्रीने सांगते.

नूतनीकरणात नेमकं काय काय केलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि फोटो बघून बऱ्याच जणांची निराशा होते. फॉल्स सीलिंग नाही, भिंतीवर लाकडी पट्ट्या नाहीत, रंगीत दिवे नाहीत. एकूण खर्च ११ लाख ४० हजार झाला आणि त्यातला निम्म्याहून जास्त भिंतीच्या आत आणि फरशीखाली गेला.

नळांपासून सांगते. १९८४ साली भिंतीतून जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप टाकायची पद्धत होती. स्वयंपाकघरातल्या नळाची धार गेली काही वर्षं बारीक होत चालली होती. आम्ही नळ बदलला, वरची टाकी साफ केली, तरी फरक पडेना. शेवटी भिंत फोडली. प्लंबरने पाइपचा वीतभर तुकडा कापून माझ्या हातात दिला. बाहेरून धडधाकट पाइप, आणि आत गंजाचे थर चढून जेमतेम करंगळी जाईल एवढीच वाट उरलेली. चाळीस वर्षं आम्ही त्यातून आलेलं पाणी प्यायलो. तो तुकडा मी मुद्दाम ठेवलाय. पुण्यात जुनं घर घेणाऱ्या प्रत्येकाने तो बघावा असं मला वाटतं. चकचकीत टाइल्समागे असा पाइप तसाच ठेवून "फुल्ली रिनोव्हेटेड" म्हणून घर विकता येतं, आणि विकलं जातं.

आता सगळे पाइप न गंजणाऱ्या प्लास्टिकचे आहेत: नळांचे सीपीव्हीसीचे, सांडपाण्याचे पीव्हीसीचे. प्रत्येक खोलीत पाणी बंद करायचा कॉक वेगळा आहे. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढले: जमिनीपासून किती इंचावर आणि कोपऱ्यापासून किती इंचावर पाइप जातो, वायर कुठून वळते. त्या फोटोंची वही घराबरोबर देणार आहोत. उद्या भिंतीला खिळा मारताना तुम्हाला देवाचं नाव घ्यावं लागणार नाही.

वायरिंग आधी लाकडी पट्टीवरची होती आणि अर्थिंग नावालाच. आता पूर्ण तांब्याची केली: दिव्यांना १.५, प्लगना २.५, गिझर आणि एसीच्या पॉइंटना ४ चौरस मिलिमीटर. अर्थिंगचा खड्डा नवीन केला. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, म्हणजे वीज गळू लागली की ती लगेच तोडणारा स्विच. ओल्या हाताने स्विच दाबायची आईची सवय जाणार नाही हे ओळखून इलेक्ट्रिशियनने त्याचा आग्रह धरला होता.

ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. जुन्या ओट्याखालचे कडप्प्याचे कप्पे चांगले होते, ते तसेच ठेवले. ट्रॉल्या फक्त दोन आहेत, बाकी तुमच्या सोयीने करा. रंग, खिडक्यांना स्लायडिंग आणि जाळ्या, संडासात कमोड, बाथरूममध्ये न घसरणाऱ्या टाइल्स, हे सगळंही झालं आहे.

फॉल्स सीलिंग न करण्याचं कारण सरळ आहे. जुन्या इमारतीत स्लॅब डोळ्यांना दिसला पाहिजे. ओल आली, बारीक चीर गेली, पोपडा धरला तर पहिल्या आठवड्यात कळतं. छताखाली छत केलं की ते कळायला तीन पावसाळे जातात.

बाथरूमची गळती आहे का? खरं सांगा.

होती. आता नाही. आणि ती कशी गेली ते सांगायलाच हवं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मोरीच्या छताला आमच्या बाथरूममुळे डाग पडला होता. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. त्या स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ आखायच्या आणि शेजारी तारीख लिहायच्या. दोन वर्षांत अशा सात रेघा झाल्या होत्या, नकाशात डोंगराची उंची दाखवतात तशा, एकीबाहेर एक. मला बोलावून त्यांनी त्या दाखवल्या तेव्हा मी शरमेने गप्प झाले.

पहिल्या ठेकेदाराने वॉटरप्रूफिंग करून वर टाइल्स बसवल्या, पण पाणी भरून चाचणी घेतली नाही. "मॅडम, माझी गॅरंटी" यावर आम्ही विसंबलो. दीड महिन्यात आठवी रेघ आली. नव्या टाइल्स फोडाव्या लागल्या. दुसऱ्या कारागिराने सगळं खणून काढलं, स्लॅबपर्यंत गेला, पाइप जिथं स्लॅबमधून खाली उतरतो तिथला सांधा आधी भरला, दोन हात रसायन दिलं, वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) केला आणि मग नहाणीचं तोंड बांधून घोट्याएवढं पाणी भरून ४८ तास ठेवलं. त्या दोन दिवसांत काकू आणि मी मिळून दहा वेळा तरी छताकडे बघितलं असेल. टाइल्स त्यानंतरच बसल्या. त्याला आता दोन पावसाळे झाले, आठवी रेघ ओलांडली गेलेली नाही. काकूंनी छत अजून रंगवलेलं नाही, "एक पावसाळा अजून जाऊ दे" म्हणतात. घर बघायला याल तेव्हा त्यांच्याकडेही घेऊन जाईन, त्यांनी तशी परवानगी दिली आहे.

फरशी जुनी का ठेवली?

कारण ती चांगली आहे. पांढऱ्या-राखाडी चिपांची मोझेक फरशी, जागेवर घासून घेतलेली. तीन दिवस मशीनने पॉलिश केली आणि चाळीस वर्षांचा मेणचट थर निघून गेला. आता त्यात खिडकी दिसते. फरशीवर फरशी बसवायचा सल्ला अनेकांनी दिला. त्याने स्लॅबवर नाहक वजन वाढतं, दारं खालून कापावी लागतात आणि उंबऱ्याची उंची हरवते. ज्यांना व्हिट्रिफाइडच हवी त्यांनी ती जरूर करावी, पण आधी एक पावसाळा या फरशीवर अनवाणी चालून बघा.

हॉलच्या कोपऱ्यातला लाकडी खांब काय आहे? तो काढता येईल का?

तो जुन्या वाड्यातला सागवानी सुरूदार खांब आहे, खाली दगडी तळखडा. वाडा उतरवला जात होता तेव्हा वडिलांनी तो मागून घेतला. त्याच्यावर कसलाही भार नाही, त्यामुळे काढायला हरकत काहीच नाही. छातीच्या उंचीच्या वर एक लोखंडी कडी आहे. तिथं कंदील टांगायचे. कडीच्या वर लाकडावर काजळीचा काळा ओघळ आहे, वर जाताना रुंद होत गेलेला. पॉलिशवाला तो घासून काढायला निघाला होता, मी त्याचा हात धरला. तुम्हाला खांब नको असेल तर सौद्याच्या वेळीच सांगा, आम्ही तो बरोबर नेऊ. भंगारात जाऊ नये एवढीच इच्छा आहे.

एखादी भिंत पाडली आहे का? परवानगी घेतली होती का?

स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधली चार इंची विटांची भिंत अर्धी उतरवली आहे. ती भार घेणारी नव्हती. अभियंत्याचं तसं पत्र आणि अपार्टमेंटच्या सभेचा ठराव दोन्ही आहेत. कॉलम-बीमला हात लावलेला नाही. गॅलरी आत घेतलेली नाही, त्यामुळे मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ बसतो. जुन्या घरांमध्ये कर्ज अडकतं ते बहुतेक वेळा इथंच.

लिफ्ट आहे का?

नाही, आणि बसवायला जागाही नाही. दुसरा मजला, अडतीस पायऱ्या. पायऱ्या सव्वासहा इंची आहेत, चढाला सोप्या. माझी आई ७६ वर्षांची आहे, रोज एकदा उतरते आणि चढते. पण गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं माणूस घरात असेल तर हे घर घेऊ नका. मी हे फोनवरच सांगते.

गाडी कुठं लावायची?

दोन दुचाकींची जागा नक्की आहे. चारचाकीची नाही. गल्लीत सम-विषम तारखांचं पार्किंग आहे आणि रात्री नऊनंतर तेही भरतं. मंडईजवळ महापालिकेचे वाहनतळ आहेत, पण रोज तिथून चालत येणं कुणाला जमेल असं वाटत नाही. ज्यांना रोज मोटार काढावी लागते त्यांच्यासाठी ही सगळ्यात मोठी अडचण आहे. ती नूतनीकरणाने सुटलेली नाही आणि सुटणारही नाही.

पाण्याचं कसं आहे?

महापालिकेचं पाणी सकाळी येतं, जमिनीखालच्या टाकीत साठतं, पंपाने वर जातं. उन्हाळ्यात खडकवासला धरणसाखळीत साठा कमी झाला की साऱ्या शहराबरोबर इथंही कपात होते. टँकर मागवल्याचं मला आठवत नाही. अंगणात जुनी विहीर आहे, तिचं पाणी फ्लशला आणि झाडांना वापरतो. सदाशिव पेठेत पाण्याची सोय पेशव्यांच्या काळापासूनची. कात्रजच्या तलावातून नळाने आणलेलं पाणी शहरातल्या हौदांत सोडत, त्यातला एक हौद या पेठेत होता.

१९६१ च्या पुरात ही जागा बुडाली होती का?

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि मागोमाग खडकवासल्याचं धरण. नदीकाठच्या पेठांमधले वाडे कोसळले. नारायण आणि शनिवार पेठेची फार हानी झाली. आमचा वाडा उंचावर होता. आजी सांगायची, त्या रात्री नारायण पेठेतली तीन कुटुंबं आमच्या ओसरीवर होती आणि तिने रॉकेलच्या स्टोव्हवर सगळ्यांसाठी भात टाकला होता. हल्लीच्या पावसाळ्यांत गल्लीत घोट्यापर्यंत पाणी अर्धा-एक तास साचतं, पार्किंगच्या जोत्याच्या वर आलेलं नाही.

गणपतीत त्रास होतो का?

दहा दिवस आवाज असतो, आणि विसर्जनाच्या दिवशी गाडी बाहेर काढणं विसरा. लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर या चारही रस्त्यांवरून मिरवणुका जातात आणि आपण त्यांच्या मधोमध राहतो. मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. तान्हं बाळ किंवा हृदयविकाराचं माणूस असेल तर आम्ही त्या दोन रात्री नातेवाइकांकडे जायचो. मुख्य रस्त्यापेक्षा गल्लीत आवाज बराच कमी आहे, तरी खिडकीच्या काचा थरथरतात. आणि हेही खरं, की मानाच्या गणपतींची पालखी आणि ढोल जवळून जाताना घरातलं कुणीच आत बसत नाही.

पालख्यांचं वेगळं. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते, पण वारकरी सगळ्या पेठांमध्ये उतरतात. आमच्या पार्किंगमध्ये दरवर्षी एक दिंडी असते. नऊ घरं मिळून पिठलं-भाकरी करतात. नव्या मालकावर सक्ती नाही. पण पहाटे चार वाजता खाली हरिपाठ सुरू झाला तर तक्रार करू नका, ही विनंती आहे.

सोसायटी आहे की अपार्टमेंट? फरक काय पडतो?

अपार्टमेंट, १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली. घोषणापत्र नोंदवलेलं आहे आणि वडिलांच्या नावे नोंदणीकृत डीड ऑफ अपार्टमेंट आहे. सोसायटीत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे असते आणि तुम्ही सभासद असता. इथं फ्लॅट तुमचा आणि त्याबरोबर जमिनीतला अविभाज्य हिस्साही तुमचा. आमचा हिस्सा ११.४० टक्के. "कन्व्हेयन्स झालंय का", म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे झाली का, हा जुन्या सोसायट्यांमधला डोकेदुखीचा प्रश्न त्यामुळे इथं येत नाही.

विकणारे कोण? कागदपत्रं स्वच्छ आहेत का?

आई आणि मी. वडील २०१९ मध्ये गेले. भाऊ कॅनडात असतो. त्याने स्वतः पुण्यात येऊन २०२२ मध्ये नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं. तो विकणाऱ्यांत असता तर अनिवासी म्हणून तुम्हाला टीडीएसची (किमतीतून कापून सरकारकडे भरायच्या कराची) वेगळी आणि किचकट कटकट झाली असती.

दाखवायला पुढची कागदपत्रं तयार आहेत: मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, घोषणापत्र, डीड ऑफ अपार्टमेंट, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला इंडेक्स टू), हक्कसोडपत्र, मृत्यूचा दाखला, कर आणि वीजबिलाच्या पावत्या, देखभालीची ना-बाकी. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासलेला अहवाल, आम्ही आमच्या वकिलांकडून काढला आहे. तरी तुमच्या वकिलांकडून वेगळा काढून घ्या. पाच-सात हजार वाचवण्याची ही जागा नव्हे.

काही जण सातबारा मागतात. शहरातल्या सिटी सर्व्हे झालेल्या जागेला सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते.

रेरा नंबर का दिलेला नाही?

रेरा हा बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा कायदा, त्याखालची नोंदणी नव्या प्रकल्पांना लागते. १९८४ साली पुऱ्या झालेल्या इमारतीतल्या पुनर्विक्रीला नाही.

जुना भाग आहे, वारसा वास्तूचे निर्बंध आहेत का?

या इमारतीवर नाहीत. शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीची अट असते. आपण तिथून एक किलोमीटरहून दूर आहोत.

रीडेव्हलपमेंट होणार आहे का? त्यात किती मिळेल?

सध्या कुठलाही प्रस्ताव नाही. तीन बिल्डर येऊन गेले, गल्लीची रुंदी मोजली आणि परत फिरले. वाढीव एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा इथं वापरता येणारा बांधकामाचा हक्क) रस्त्याच्या रुंदीवर ठरतात. अरुंद गल्लीतल्या लहान प्लॉटवर गणित बसत नाही, शेजारचे दोन प्लॉट एकत्र आले तर कदाचित बसेल. एजंट मंडळी "दुप्पट जागा मिळेल" असं सांगून पेठेतली घरं विकतात, त्याचा मला मनापासून राग येतो. लोक त्या आशेवर आयुष्याची पुंजी लावतात आणि पंधरा वर्षं गळकी मोरीही दुरुस्त करत नाहीत, "पडणारच आहे इमारत" म्हणून. हे घर आज जसं आहे तसं राहायला आवडत असेल तरच घ्या.

किंमत किती? कमी होईल का? थोडी रोख चालेल का?

९२ लाख. घर बघून, कागद वाचून समोर बसलात तर थोडंफार इकडे-तिकडे होईल. फोनवर होणार नाही. रोख एक रुपयाही चालणार नाही, पूर्ण रक्कम करारात लिहायची.

वरखर्च किती धरावा?

सध्याच्या दराने पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ६ लाख ४४ हजार. खरेदी फक्त महिलेच्या नावे असेल तर एक टक्का सवलत मिळते आणि ९२ हजार वाचतात. नवरा-बायको दोघांची नावं घातली तर ही सवलत मिळत नाही, हे आधी घरात ठरवून या. नोंदणी शुल्क ३० हजार. वकिलाची फी वेगळी.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्याने तुम्हाला १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा आहे. तो किमतीतूनच जातो, वर द्यावा लागत नाही. विकणाऱ्या दोघी असल्यामुळे आईचा आणि माझा फॉर्म वेगळा भरावा लागेल, प्रत्येकी ४६ हजारांचा.

इतक्या जुन्या इमारतीवर बँक कर्ज देते का?

देते, पण बँक इमारतीचं उरलेलं आयुष्य बघते आणि त्यावर कर्जाची मुदत ठरवते. म्हणून अभियंत्याचं प्रमाणपत्र पहिल्याच भेटीत बँकेला द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळू शकतं, म्हणजे इथं जास्तीत जास्त ७३ लाख ६० हजार. मुद्रांक आणि नोंदणी त्यात धरत नाहीत. हिशेब केलात तर साधारण २५ लाख १४ हजार स्वतःचे हाताशी हवेत. टोकन देण्याआधी हा हिशेब करा. गेल्या दोन महिन्यांत दोन चांगली कुटुंबं इथंच अडली आणि आम्हालाही वाईट वाटलं.

मासिक खर्च? मिळकत कर?

देखभाल महिना १,२००. मिळकत करात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत आहे. नाव बदलल्यावर त्यासाठी पुराव्यासह नव्याने अर्ज करा.

मुलांना अभ्यासासाठी खोल्या भाड्याने देता येतील का?

सदाशिव पेठ स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी भरलेली आहे आणि कॉटवर भाडं घेतलं तर पैसा चांगला मिळतो, हे खरं. ही मुलं गावाकडून मोठी स्वप्नं घेऊन येतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आमच्या अपार्टमेंटच्या ठरावाप्रमाणे एका फ्लॅटमध्ये चारपेक्षा जास्त भाडेकरू ठेवता येत नाहीत आणि लाकडी पार्टिशन घालून खोल्या करता येत नाहीत. दहा कॉट टाकायच्या हिशेबाने येणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

शाळा, दुकानं, दवाखाने?

शाळा हे इथं राहायचं सगळ्यात मोठं सुख. रेणुका स्वरूप, पेरुगेट भावे स्कूल, टिळक रस्त्यावरचं न्यू इंग्लिश स्कूल, ज्ञान प्रबोधिनी, आणि पुढे स. प. महाविद्यालय. मी बालवाडीपासून एमएपर्यंत शिकले आणि बसचा पास कधी काढला नाही. भाजीला मंडई, पुस्तकांना अप्पा बळवंत चौक, बाकी सगळ्याला तुळशीबाग. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्यच्या बाहेर कॉलेजच्या मुलांचा जो जल्लोष असतो, तो आमच्या गॅलरीत ऐकू येतो.

मग विकता का?

आई एकटी राहते आणि मी कोथरूडला. गेल्या हिवाळ्यात ती रात्री जिन्यात घसरली आणि वीस मिनिटं तिथंच बसून होती. आता ती माझ्याकडे येते आहे. नूतनीकरण केलं तेव्हा विकायचा विचार नव्हता, तिला सुखाने राहता यावं म्हणूनच केलं होतं.

घर बघायला कधी येऊ?

दोनदा या. एकदा सकाळी सात वाजता, म्हणजे पाण्याची धार आणि गॅलरीतलं ऊन दिसेल. एकदा संध्याकाळी साडेसहा-सातला, म्हणजे गल्लीतली गर्दी, हॉर्न आणि गाडी लावायची मारामार कळेल. जमलं तर दुसऱ्या वेळी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला घेऊन या, अडतीस पायऱ्या त्यांनी चढून बघायला हव्यात. ओळखीचा प्लंबर किंवा अभियंता आणलात तर उत्तमच. फोटोंची वही आणि पाइपचा तो तुकडा टेबलावर काढून ठेवते. चहा आई करेल.